समुद्रा, अपराध पोटात घाल

रामेश्वरमच्या अलीकडे, मंडपम आणि पांबनच्या उथळ पाण्यात बांबूचे चौकोनी तराफे तरंगताना दिसतात. बारा फूट लांब, बारा फूट रुंद. त्यांच्यावर ताणलेल्या दोऱ्यांना कप्पाफायकस नावाच्या समुद्रशैवालाचे तुकडे बांधायचे, एका तराफ्याला सुमारे ६० किलो. ४५ दिवसांनी साधारण चौपट माल काढायचा. नांगरट नाही, खत नाही, गोड्या पाण्याचा थेंबही नाही. राबणाऱ्या बहुतेक मच्छीमार घरांतल्या बायका. वाळवलेला माल कारखान्यात जातो, त्यातून कॅराजीनन निघते आणि ते आइस्क्रीमपासून टूथपेस्टपर्यंत कुठेकुठे जाऊन बसते. याच रामनाथपुरम जिल्ह्यात वलमावूर इथे प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेतून समुद्रशैवाल पार्क उभे राहते आहे.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत या शेतीच्या कौतुकात एक नवा मुद्दा येऊन मिळाला. शैवाल वाढताना कार्बन डायऑक्साइड शोषते. मग जगभरच्या समुद्रांत शैवालाची वने उभी केली, तर धुराड्यांतून आणि गाड्यांतून हवेत गेलेला कार्बन परत ओढून घेता येईल का? आणि तो शैवालासकट खोल समुद्रात बुडवून टाकला तर? प्रश्न शास्त्रज्ञांचा आहे, यात शंका नाही. पण त्याच्या आत एक जुना धर्मप्रश्न दडलेला आहे. ज्याने केले त्याने ते निस्तरायचे कसे, आणि निस्तरले हे ठरवायचे कोणी?

आधी वनांविषयी. थंड समुद्रांच्या खडकाळ किनाऱ्यांवर केल्प नावाचे तपकिरी शैवाल उगवते. दिसायला झाड, पण झाड नव्हे. त्याला अन्नपाणी खेचणारी मुळे नसतात. खडकाला घट्ट धरणारा एक पंजा, वर लवचीक देठ, लांबलचक पाती आणि त्या पात्यांना उजेडाकडे उचलून धरणाऱ्या हवेच्या पिशव्या. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचे राक्षसी केल्प अनुकूल दिवसांत रोज अर्धा मीटर वाढते आणि ४० मीटरच्या पुढे जाते. चार्ल्स डार्विनने १८३४ साली दक्षिण अमेरिकेच्या टोकाला ही वने पाहिली. जमिनीवरचे एखादे जंगल नष्ट झाले तर जितक्या जातींचे प्राणी मरतील, त्याहून कितीतरी अधिक या केल्पच्या नाशाने मरतील, असा अंदाज त्याने लिहून ठेवला. मासे जातील, मग माशांवर जगणारे पक्षी आणि सील, आणि शेवटी तिथली माणसे, अशी ती साखळी त्याने मांडली होती.

ती आता प्रत्यक्ष तुटताना दिसते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर २०१३ पासून तारामाशांना रोग लागला. पाठोपाठ २०१४ ते २०१६ या काळात समुद्राचे पाणी असाधारण तापले. तारामासे गेल्यावर त्यांचे भक्ष्य असलेल्या जांभळ्या समुद्री साळूंची संख्या बेसुमार वाढली आणि उत्तर कॅलिफोर्नियातले ९० टक्क्यांहून अधिक केल्प त्यांनी फस्त केले. ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटाभोवतीची राक्षसी केल्पची वने जवळपास ९५ टक्के नाहीशी झाली; २०१२ साली त्या देशाने या वनांना संकटग्रस्त जीवसमूह म्हणून कायद्याचे संरक्षण दिले.

यावर जिथे काम चालू आहे तिथे ते मन लावून चालू आहे. दक्षिण कोरियात १० मे हा समुद्रात रोपणी करण्याचा राष्ट्रीय दिवस म्हणून २०१३ पासून पाळला जातो. कॅनडाच्या हायडा ग्वाई बेटांवर फरच्या व्यापाऱ्यांनी समुद्री ऊदमांजरे मारून संपवली होती; साळूंना खाणारे कोणी उरले नाही आणि केल्प मागे हटले. २०१८ पासून हायडा लोक आणि तिथले राष्ट्रीय उद्यान खाते यांनी मिळून मर्चिसन बेटाच्या किनाऱ्यावर पाणबुड्यांकरवी साळू काढल्या, काही जागीच चिरडल्या. केल्प परतले. साळूंमधला खाण्याजोगा भाग गावागावांत वाटला गेला.

यातही हिंसा आहे. जैन परंपरेत तर साध्या शेवाळाची गणनासुद्धा अनंतकाय जीवांत होते, एका देहात अनंत जीव; साधुसाध्वी ओल्या जमिनीवरच्या शेवाळावर पाय पडू देत नाहीत. त्या नजरेने पाहिले तर हजारो साळू चिरडणे हे पुण्यकर्म ठरणार नाही. तरीही हायडा ग्वाईच्या या कामात एक गोष्ट उघड आहे. ज्यांनी ते केले ते त्याच किनाऱ्यावर राहतात, त्याच पाण्यातले खातात, आणि चुकले तर त्याचे फळ त्यांच्याच ताटात येणार आहे. करणारा आणि भोगणारा एकच आहे.

कार्बनच्या हिशेबात ही गाठ सुटते.

हिशेबाची सुरुवात शास्त्रीय कुतूहलातून झाली. शैवालाचे तुकडे लाटांनी तुटतात, प्रवाहाबरोबर वाहतात आणि त्यांतले काही खोल समुद्रात जाऊन पडतात. हजार मीटरच्या खाली गेलेला कार्बन पुन्हा हवेत यायला शेकडो वर्षे लागतात. २०१६ साली दोर्ते क्राउझे-येन्सन आणि कार्लोस दुआर्ते यांनी अंदाज मांडला की जगभरचे समुद्रशैवाल या मार्गाने दर वर्षी सुमारे १७.३ कोटी टन कार्बन बाजूला टाकत असावे. पुढे २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात शैवालवनांतून खोल समुद्रात जाणारा कार्बन वर्षाला साधारण ५.६ कोटी टन धरला गेला आणि त्या आकड्याच्या दोन्ही बाजूंना अनिश्चिततेचा मोठा पट्टा ठेवला गेला. मधल्या काळात, २०२२ साली, काही शास्त्रज्ञांनी उलटाच मुद्दा काढला. शैवालवनात बाहेरून वाहून येणारे सूक्ष्मजीव खाऊन जगणारे असंख्य प्राणी असतात. त्यांचा श्वासोच्छ्वास मोजला तर काही वने कार्बन शोषण्यापेक्षा सोडतच असतील.

आकडे असे डळमळीत असतानाच मोठी स्वप्ने पाहिली गेली. फिजीतल्या युनिव्हर्सिटी ऑफ द साउथ पॅसिफिकमधले अंत्वान द रामों न्यूर्त आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली लिहिले की महासागराच्या ९ टक्के पृष्ठभागावर शैवालवने उभारली, त्यापासून जैववायू काढला आणि कार्बन साठवला, तर वर्षाला ५३ अब्ज टन कार्बन डायऑक्साइड ओढून घेता येईल. ९ टक्के महासागर म्हणजे भारताच्या क्षेत्रफळाच्या दहापट. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०२१ साली याच प्रश्नाचा जमिनीवर पाय ठेवून हिशेब केला. वर्षाला १० कोटी टन कार्बन डायऑक्साइड शैवालाच्या शेतीतून बाजूला टाकायचा, तर ७० लाख हेक्टरांहून मोठी शेती लागेल. शंभर मीटर रुंदीचा पट्टा धरला तर जगाच्या ६३ टक्के किनाऱ्याला वेढा पडेल. आणि १० कोटी टन म्हणजे किती? जग कोळसा, तेल आणि वायू जाळून वर्षाला जे साधारण ३७ अब्ज टन सोडते, त्याच्या हजार भागांतले तीनही नाहीत.

तरी बाजार थांबला नाही. अमेरिकेच्या मेन राज्यात २०१७ साली सुरू झालेल्या रनिंग टाइड या कंपनीची मूळ कल्पना अशी: विरघळणाऱ्या तरंगत्या गोळ्यांवर केल्प वाढवायचे, ते जड झाले की आपोआप खोल समुद्रात बुडेल, आणि बुडालेल्या प्रत्येक टनाचे प्रमाणपत्र विकायचे. शॉपिफाय, स्ट्राइप, मायक्रोसॉफ्ट अशी गिऱ्हाइके मिळाली. प्रत्यक्षात २०२३ साली आइसलँडजवळ जे हजारो टन बुडवले गेले, ते चुनखडीचा लेप दिलेले लाकडाचे तुकडे होते. जून २०२४ मध्ये कंपनी बंद झाली; अशी प्रमाणपत्रे, म्हणजे कार्बन क्रेडिट, स्वेच्छेने घेणारे पुरेसे गिऱ्हाईक नाहीत, हे कारण देण्यात आले.

कंपनी गेली, पण तिने विकायला काढलेली वस्तू विचार करण्याजोगी आहे. ती वस्तू शैवाल नव्हती, लाकूडही नव्हते. एका ठिकाणी केलेल्या उत्सर्जनाबद्दल दुसऱ्या ठिकाणी, दुसऱ्याकरवी, पैसे देऊन केलेली भरपाई, ही ती वस्तू.

भारतीय धर्मशास्त्राला ही वस्तू अनोळखी नाही. कोकणात जन्मलेल्या पांडुरंग वामन काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाचा जो प्रचंड ग्रंथ लिहिला, त्याचा १९५३ साली निघालेला चौथा खंड पातके आणि प्रायश्चित्ते यांपासून सुरू होतो. प्राजापत्य कृच्छ्र नावाचे एक नेहमीचे प्रायश्चित्त बारा दिवसांचे: तीन दिवस फक्त सकाळी जेवायचे, तीन दिवस फक्त संध्याकाळी, तीन दिवस न मागता मिळेल तेवढेच, आणि तीन दिवस निराहार. हे ज्याला झेपत नाही त्याच्यासाठी प्रत्याम्नाय, म्हणजे पर्याय. एक गाय दान द्यावी. गाय नसेल तर तिची किंमत द्यावी. किंवा दहा हजार गायत्रीजप करावा. पापाचे माप, पर्यायाचे माप आणि त्याचे रोख मूल्य, सगळे ठरलेले. कार्बनचा टन आणि त्याचा दर यांच्यापेक्षा ही व्यवस्था फार वेगळी नाही.

पण शास्त्रकारांनी या व्यवस्थेला काही अटी घातल्या होत्या. पहिली अट निवृत्तीची. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात सांगितले आहे की पाप केल्याचा पश्चात्ताप झाला की मनुष्य त्यातून सुटतो, पण शुद्ध होतो तो ‘पुन्हा करणार नाही’ असे ठरवून मागे फिरल्याने. दुसरी अट परिषदेची. आपले प्रायश्चित्त आपणच ठरवायचे नाही. जाणत्यांच्या सभेपुढे जाऊन दोष उघड सांगायचा आणि सभा सांगेल ते करायचे. तिसरी शक्तीची. अतिवृद्ध, लहान मुले, आजारी यांना अर्धे प्रायश्चित्त. सवलत होती ती दुबळ्यांसाठी.

या व्यवस्थेचे दोषही लपवण्यासारखे नाहीत. प्रायश्चित्ताचे माप जातीवर्णानुसार बदलत असे. प्रायश्चित्त सांगणारा आणि दान घेणारा पुष्कळदा एकच असे. जोतीराव फुल्यांनी ‘ब्राह्मणांचे कसब’ आणि ‘शेतकऱ्याचा असूड’ यांत या धंद्याची जी लक्तरे काढली, ती उगाच नव्हेत. युरोपात फुल्यांच्या आधी साडेतीनशे वर्षे पापमुक्तीची पत्रे विकली जात होती आणि १५१७ साली मार्टिन ल्यूथरचा संताप त्यावरूनच उसळला. आजच्या कार्बन बाजारात क्रेडिट तपासणाऱ्या संस्थेची फी क्रेडिट विकणारा प्रकल्पच देतो. परिषदेचे आणि दक्षिणेचे नाते इथेही तितकेच अवघड आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या पत्रात कार्बन क्रेडिटच्या खरेदी-विक्रीवर शंका घेतली ती अशी: त्यातून नवी सट्टेबाजी निघेल, आणि काही देशांच्या व थरांच्या अतिवापराला वाट मोकळी होईल.

यावर एक जोरदार आक्षेप आहे आणि तो बाजूला सारता येणार नाही. कार्बन डायऑक्साइडच्या रेणूला पश्चात्ताप कळत नाही. तो कोणी काढला, का काढला, पैसे घेऊन काढला की व्रत म्हणून, याने वातावरणाच्या तापमानात काडीचा फरक पडत नाही. आयपीसीसी या आंतरराष्ट्रीय हवामान समितीच्या २०२२ च्या अहवालाने स्पष्ट म्हटले की निव्वळ शून्य उत्सर्जन गाठायचे तर हवेतून कार्बन काढणे टाळता येणार नाही. शेती, विमाने, काही उद्योग यांचे उत्सर्जन पूर्ण थांबवणे फार कठीण आहे. शिवाय महासागरभर वनांचे स्वप्न पाहणारा तो लेख कुठून आला, हे विसरून चालत नाही. तो पॅसिफिकमधल्या बेटांवरून आला. ज्यांची जमीनच पाण्याखाली जाण्याच्या वाटेवर आहे, त्यांनी हेतूंच्या शुद्धतेची वाट पाहत बसावे, असे सुरक्षित उंचीवर राहणाऱ्याने सांगणे बरे दिसत नाही.

आक्षेप मान्य केला तरी त्यातूनच दुसरी अडचण उभी राहते. रेणूला हेतू कळत नसेल, तर त्याला प्रमाणपत्रही कळत नाही. काढला गेला तो खरोखर निघाला का, एवढेच मग महत्त्वाचे उरते, आणि समुद्रात नेमके हेच मोजणे कठीण आहे.

शैवाल हवेतला कार्बन घेत नाही, पाण्यात विरघळलेला घेते. पाण्यातली ती तूट हवेने भरून काढायला महिने लागतात. तेवढ्यात ते पाणी खाली बुडाले तर हवेतून काहीच कमी झालेले नसते. शैवालाने घेतलेले नायट्रेट आणि फॉस्फेट इतर सूक्ष्म वनस्पतींच्या तोंडचे असते. त्या वाढल्या असत्या तर त्यांनीही कार्बन घेतलाच असता. २०११ पासून आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत सरगॅसम शैवालाचा जो अवाढव्य पट्टा दर वर्षी दिसू लागला, २०१८ साली तो ८,८५० किलोमीटर लांब होता आणि त्यात दोन कोटी टनांहून अधिक शैवाल होते. निसर्गाने आयता मांडलेला हा प्रयोगच. लेनार्ट बाख आणि सहकाऱ्यांनी २०२१ साली त्याच्या आधारे दाखवले की पोषकद्रव्यांची ही पळवापळवी आणि शैवालावर चिकटून कवच बनवणारे जीव या दोन गोष्टींनीच अपेक्षित फायद्यातला २० ते १०० टक्के भाग खाऊन टाकला जाऊ शकतो. १०० टक्के, म्हणजे शून्य.

गोव्याला या प्रकारच्या हिशेबाचा जुना अनुभव आहे. दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने आणि जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेने २००९ च्या सुरुवातीला दक्षिण महासागरात लोहाफेक्स नावाचा प्रयोग केला. वाजिह नक्वी आणि व्हिक्टर स्मेटाचेक हे त्याचे प्रमुख. पोलारश्टेर्न जहाजातून सुमारे ३०० चौरस किलोमीटर पाण्यात लोह टाकायचे, त्यावर सूक्ष्म शैवाल फोफावेल, मरून खाली बुडेल आणि कार्बन घेऊन जाईल, हा तर्क. जहाज निघाल्यावर पर्यावरण संघटनांनी गदारोळ केला, जर्मन सरकारने प्रयोग थांबवला, पुन्हा परवानगी दिली. शैवाल फोफावलेही. पण त्या पाण्यात सिलिका कमी असल्याने जड कवचाचे डायटम वाढलेच नाहीत. जे मऊ शैवाल वाढले ते चिमुकल्या कवचधारी प्राण्यांनी चरून टाकले. खोलवर फारच थोडा कार्बन गेला. शास्त्रज्ञांनी तो निकाल जसाच्या तसा जाहीर केला. त्यांना त्या टनांचे प्रमाणपत्र कोणाला विकायचे नव्हते, म्हणून ‘नाही’ हे उत्तरही त्यांच्या कामाचे होते. ज्या कंपनीला बुडालेला माल विकायचा आहे, तिच्याकडून असे ‘नाही’ किती सहज बाहेर येईल?

आता तळाकडे. समजा सगळे हिशेब जमले, शैवाल खरोखरच कार्बन घेऊन चार हजार मीटर खाली गेले. तिथे ते कोणाच्या दारात पडले?

हा प्रश्न एका जुन्या कथेतही आहे. सुरुवातीला आलेले मंडपमचे पाणी परंपरेने रामायणातल्या सेतूशी जोडलेले आहे. सेतूची कथा घरोघरी माहीत असते. तिच्या आधीचा प्रसंग फार थोड्यांना आठवतो. वाल्मीकींच्या युद्धकांडात राम दर्भावर पडून तीन रात्री समुद्राची प्रार्थना करतो. समुद्र येत नाही, तेव्हा तो धनुष्य उचलतो, बाण जोडतो. मग समुद्र हात जोडून प्रकट होतो आणि म्हणतो की पृथ्वी, वारा, आकाश, पाणी, तेज आपापल्या स्वभावात राहतात. अथांग असणे हा माझा स्वभाव आहे, तो मी लोभाने किंवा भयाने सोडणार नाही. सेतू बांधा, मी आधार देईन. तंटा मिटतो. पण बाण जोडलेला आहे, आणि तो अमोघ आहे, भात्यात परत जाऊ शकत नाही. कुठे सोडू, असे राम विचारतो. समुद्र उत्तरेकडच्या द्रुमकुल्य नावाच्या प्रदेशाचे नाव सांगतो: तिथे आभीर राहतात, पापी आहेत, माझे पाणी पितात, तिथे सोडा. बाण तिथे पडतो, पाणी आटते, प्रदेशाचे मरुकांतार होते.

हवेत गेलेला कार्बन हा असाच जोडून ठेवलेला बाण आहे. तो परत जाळण्यापूर्वीच्या कोळशात जात नाही. तो कुठेतरी पडणार, आणि कुठे पाडायचा हे ठरवणाऱ्यांच्या बोलण्यात दूरच्या द्रुमकुल्याचे नाव फार सहज येते. तिथल्या रहिवाशांना कोणी विचारले नव्हते, आणि त्यांना पापी म्हणणे ही दोन बलवानांच्या समेटातली सोय होती. कथेत राम मात्र बाण सोडून मोकळा होत नाही. तो त्या उजाड प्रदेशाला वर देतो: गुरांना चांगला, रोग थोडे, फळे-मुळे-औषधींनी भरलेला असा होवो. झालेल्या हानीचे नाते तो तोडत नाही.

खोल समुद्राला असा वर देण्याची ताकद आजच्या कोणाकडे नाही. तिथे राहते कोण, हेच मुळात उशिरा कळले. १८४३ साली ब्रिटिश निसर्गशास्त्रज्ञ एडवर्ड फोर्ब्जने भूमध्य समुद्रातल्या नमुन्यांवरून निष्कर्ष काढला की साधारण साडेपाचशे मीटरच्या खाली जीवसृष्टी नसावी. चॅलेंजर जहाजाच्या १८७२ ते १८७६ या सफरीने तो पुरता मोडीत काढला, आणि १९६०च्या दशकात हॉवर्ड सँडर्स आणि रॉबर्ट हेसलर यांनी खोल तळाच्या चिखलातली जातींची विविधता मोजली तेव्हा शास्त्रज्ञच चकित झाले. दिसत नाही म्हणजे नाही, ही चूक युरोपच्या विज्ञानाने दुरुस्त केली. न दिसणारे जीवही मोजायचे, हा जैनांचा आग्रह इथे उगाच कर्मठ वाटत नाही. ज्या जगाला वरून पडणाऱ्या अन्नकणांच्या किंचित वर्षावाची सवय आहे, तिथे लाखो टन शैवाल ओतले तर ते कुजताना प्राणवायू खाईल, आणि कोण जगेल, कोण मरेल, याचे गणित बदलेल. ऑरोरा रिकार्ट आणि सहकाऱ्यांनी २०२२ साली लिहिलेल्या लेखाचा सूर हाच होता: शैवाल बुडवण्याची घाई विज्ञानाच्या पुढे धावते आहे आणि नीतीच्या सीमेबाहेर गेली आहे.

परिषद म्हणावी अशी एक सभा आहे. समुद्रात कचरा टाकण्याला आळा घालणारा लंडन करार १९७२ चा, त्याचा प्रोटोकॉल १९९६ चा. समुद्रात फेरफार करून हवामान बदलण्याच्या प्रयोगांना नियमांत आणणारी दुरुस्ती २०१३ साली संमत झाली, पण पुरेशा देशांनी ती स्वीकारली नसल्याने ती अमलात आलेली नाही. २०२२ साली या सभासदांनी ज्या चार तंत्रांची छाननी करायचे ठरवले, त्यांत कार्बन काढण्यासाठी शैवाल वाढवणे हेही आहे. म्हणजे दोष सांगायला जायची जागा आहे, सभा बसलेली आहे, पण तिच्या निर्णयाला धार नाही.

याउलट शैवालाचे काही उपयोग असे आहेत की त्यांत बाण दुसऱ्याच्या दारात टाकावाच लागत नाही. अ‍ॅस्परागॉप्सिस हे लाल शैवाल गुरांच्या चाऱ्यात किंचित मिसळले की त्यांच्या पोटात बनणारा मिथेन घटतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या २०२१ सालच्या प्रयोगात ही घट ८२ टक्क्यांपर्यंत गेली. त्यातल्या ब्रोमोफॉर्मचे दुष्परिणाम तपासायचे आहेत, सगळ्या गुरांपर्यंत ते पोहोचवणे अवघड आहे. पण इथे दोष घडण्यापूर्वीच अडवला जातो. गाय दान देऊन दोष फेडण्याऐवजी गायीच्या पोटातूनच तो कमी करण्याचा हा प्रकार मनूच्या निवृत्तीला जास्त जवळचा आहे.

मंडपमच्या तराफ्यांचेही एकच बरे रूप नाही. कप्पाफायकस तिथले मूळचे नाही. १९८०च्या दशकात भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने ते भारतात आणून वाढवायला घेतले. २००८ साली ‘करंट सायन्स’मध्ये नोंद आली की मन्नारच्या आखातातल्या कुरुसडई बेटाजवळ ते शेतीतून सुटून प्रवाळांवर पसरले आहे आणि त्यांना गुदमरवते आहे. हे आखात १९८६ पासून सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. बाहेरून आणून लावलेले शैवाल शेजारच्या प्रवाळाच्या मुळावर येऊ शकते, हे भारताने आपल्याच पाण्यात पाहिले आहे.

त्याच आखातात तराफ्यांच्या कितीतरी आधीपासून रानशैवाल गोळा करणाऱ्या बायका आहेत. बोटांना कापडाच्या चिंध्या गुंडाळून, डोळ्यांना चष्मा लावून त्या बुडी मारतात आणि खडकावरचे शैवाल हाताने खुडतात. तो माल अगार आणि अल्जिनेटच्या कारखान्यांत जातो. उद्यान झाल्यापासून वनखात्याशी त्यांचे खटके उडत आले. त्यांनी आपल्यातच ठरवून महिन्यातून बाराच दिवस शैवाल काढण्याचा नियम घातला, म्हणजे खुडलेल्या जागी ते पुन्हा वाढायला वेळ मिळेल. चिन्नपालमच्या लक्ष्मी मूर्ती यांना या बायकांच्या नेतृत्वाबद्दल २०१५ साली सीकॉलॉजी पारितोषिक मिळाले.

जगाच्या उत्सर्जनात या बायकांचा वाटा नगण्य आहे. तरी बारा दिवसांनंतर हात आवरण्याचा नियम त्यांनी स्वतः घालून घेतला, आपल्या परिषदेत घातला आणि सगळ्यांसमोर पाळला. पुढेमागे मन्नारच्या आखातातही कोणी कार्बन क्रेडिटचा प्रकल्प घेऊन आला, तर नियमपुस्तकातला पहिला प्रश्न असा असतो: क्रेडिटचे पैसे मिळाले नसते, तरी हे काम झाले असते का? उत्तर ‘हो’ असेल तर क्रेडिट मिळत नाही. या बायका ते काम पैशांशिवाय आधीपासूनच करत आहेत, त्यामुळे त्या पहिल्याच प्रश्नाला बाद होतील. तेच खडक काही वर्षे ओरबाडून मग थांबण्याचा करार करणारा कंत्राटदार मात्र पात्र ठरू शकेल.